मुंग्या आणि इंगळी

मी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. ओहमचा नियम फळ्यावर किती वेळा लिहिला याचा हिशेब मी ठेवला नाही. पण त्यापायी झिजलेला खडू कुणी गोळा केला असता तर एक बैलगाडी सहज भरली असती. त्याच ओहमसाहेबांनी निवृत्तीनंतर माझी परीक्षा घेतली, तीही माझ्याच घरात, माझ्याच न्हाणीत. आणि तीत मी साफ नापास झालो. पास झाल्या त्या आमच्या मावशी. त्यांचे शिक्षण तिसरीपर्यंतचे.

मावशी म्हणजे आमच्याकडे गेली अठरा वर्षे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई. वाचकहो, ज्या घरात इतकी वर्षे एकच बाई येते त्या घरात मालक कोण आणि चाकर कोण हे सांगणे अवघड असते. तीन वर्षांपूर्वी चिरंजीवांनी कपडे धुण्याचे यंत्र आणले, तेव्हा मावशींनी त्याच्याकडे सवतीकडे पाहावे तसे पाहिले. पुढे तडजोड झाली. पडदे, चादरी आणि नातवाचे गणवेश मावशी आधी दगडावर घासणार, मगच ते यंत्रात जाणार. आणि वाळत घालण्याचे काम कुणी दुसऱ्याने करायचे नाही. त्या यंत्राला त्या आजही ‘पेटी’च म्हणतात.

गेल्या वर्षी जून महिन्यात एके सकाळी मी वर्तमानपत्र वाचत बसलो असताना मावशी ओले हात पदराला पुसत पुढे आल्या.

“मास्तर, ती पेटी चावती. हात लावला की मुंग्या येत्यात. नवा नळ बसवला तवापासनं हे सुरू झालंय. मी काय खोटं बोलतो व्हय?”

(आमच्याकडे बायकाही ‘मी जातो, मी करतो’ असेच बोलतात, हे परगावच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.)

मी उठून न्हाणीत गेलो आणि यंत्रावर चांगला पंजा ठेवून पाहिला. काही नाही. सौभाग्यवतींनी ठेवला, सूनबाईंनी ठेवला. कुणालाच काही जाणवले नाही. चिरंजीव वरच्या मजल्यावरून संगणकापुढून न उठताच म्हणाले, “स्टॅटिक असेल.” आमच्या लहानपणी वैद्य न कळणाऱ्या सगळ्या दुखण्यांना ‘वात’ म्हणत, हल्ली हा ‘स्टॅटिक’ शब्द त्या कामी येतो. राहता राहिले नव्या नळाचे. मे महिन्यात आम्ही घरातले गंजलेले लोखंडी पाइप काढून पांढरे प्लॅस्टिकचे बसवून घेतले होते, एवढे खरे. “पण मावशी, पाण्याच्या पाइपाचा आणि विजेचा काय संबंध?” असे मी शिक्षकी थाटात विचारले, आणि त्यांच्याकडे उत्तर नव्हते म्हणून जिंकल्यासारखा परत वर्तमानपत्राकडे वळलो. इतकेच नव्हे, संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर आमच्या निवृत्त मंडळींत हा किस्सा मी रंगवून सांगितला आणि सगळे पोट धरून हसलो. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण हकिगत पुरी सांगायची तर हेही सांगायला हवे.

सौ.च्या आग्रहाने एकदा यंत्राच्या दुरुस्तीचा माणूस बोलावला. तो दुपारी तीन वाजता आला, मागचा पत्रा उघडला, सगळे तपासले आणि म्हणाला, “मशीनमध्ये काही दोष नाही. अर्थिंग बघून घ्या.” त्याचे हे शेवटचे तीन शब्द लाखमोलाचे होते. आम्ही मात्र पहिले चार ऐकले आणि निश्चिंत झालो.

दसरा झाला. दिवाळीच्या तोंडावर घरातले सगळे पडदे धुवायला निघाले. सकाळचे साडेसात वाजले असतील. न्हाणीतून किंकाळी आली आणि पाठोपाठ बादली पडल्याचा आवाज. आम्ही धावलो. मावशी ओल्या फरशीवर बसल्या होत्या, उजवा हात डाव्या हाताने धरलेला, चेहरा पांढराफटक. हात खांद्यापर्यंत बधिर झाला होता. डॉक्टरांनी तपासले, काही झाले नाही. पण घरी आल्यावर सौ. मला एवढेच म्हणाल्या, “अहो, तुम्ही पोरांना एकतीस वर्षे नक्की काय शिकवलंत?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. आठवत राहिला तो वडिलांचा रेडिओ.

१९६३ साली सांगलीला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले त्याच सुमारास वडिलांनी तो घेतला. रेडिओला तेव्हा परवाना लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. लाकडी खोके, आत मंद तांबूस उजळणाऱ्या व्हॉल्व्ह, पुढे बेकेलाइटच्या दोन गोल कळा. एक दिवस एक कळ निखळली म्हणून मी उघड्या दांडीला चिमटीत धरून स्टेशन फिरवायला गेलो, आणि पुढच्या क्षणी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतो. वडिलांनी मला उचलले, पाणी पाजले, आणि मग शांतपणे भिंतीतले दोन पिनांचे टोपण काढून उलटे करून बसवले. दांडी धक्का देईनाशी झाली! त्या काळच्या स्वस्त रेडिओंत ट्रान्सफॉर्मर नसे. भिंतीतून येणाऱ्या दोन तारांपैकी एक थेट आतल्या लोखंडी सांगाड्याला जोडलेली असे. ती न्यूट्रल असली तर ठीक. टोपण उलटे बसले की तीच फेज होई, आणि रेडिओ गातच राही. यंत्र उत्तम चालते आहे याचा अर्थ त्याला हात लावणे सुखरूप आहे असा होत नाही, हा धडा मी दहाव्या वर्षी शिकलो होतो. बहात्तराव्या वर्षी तो विसरलो होतो.

त्या रेडिओला आणखी दोन तारा होत्या. एक गच्चीवरच्या एरियलची. दुसरी ‘अर्थ’ची, ती वडिलांनी परसातल्या नळाच्या लोखंडी पाइपाला तांब्याच्या पट्टीने आवळली होती. तो पाइप जमिनीखालून थेट रस्त्यातल्या मोठ्या नळाला जाऊन मिळे, म्हणून रेडिओची खरखर कमी होई. या पट्टीची आठवण कृपया मनात असू द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात सामसूम झाल्यावर मी न्हाणीत गेलो आणि जून महिन्यात करायला हवी होती ती गोष्ट केली. पायातल्या रबरी सपाता काढल्या. आमच्या घरात लहानथोर सगळे सपाता घालून वावरतात. अनवाणी असतात त्या एकट्या मावशी, आणि त्यांच्या पायाखाली सदैव ओली फरशी. म्हणजे आम्ही तिघांनी पंजे ठेवून जी परीक्षा घेतली होती ती यंत्राची नव्हतीच, आमच्या सपातांची होती. मी ओल्या फरशीवर उभा राहिलो आणि हाताची पालथी बाजू यंत्राला हळूच टेकवली. (पालथी अशासाठी, की धक्क्याने स्नायू आखडले तर मूठ वळते, पालथा हात वस्तूपासून दूर जातो, पंजा मात्र तिला धरून बसतो. तरीही हा उद्योग वाचकांनी करू नये. मीही करायला नको होता.) मुंग्या आल्या. अगदी मावशींनी सांगितल्या तशा.

मी टेस्टर आणला. यंत्राच्या पत्र्याला लावताच त्यातला लाल दिवा उजळला. मग सहज फ्रिजला लावला, तिथेही उजळला! ओव्हनला, वरच्या संगणकाच्या डब्याला, सगळीकडे तोच प्रकार. यंत्राचा खटका बंद केला तरी यंत्रावरचा दिवा जाईना. थ्री-पिन ओढून बाहेर काढली तेव्हा कुठे गेला. आता मात्र माझ्यातला शिक्षक जागा झाला. बोर्डावरचा खटका तोडतो ती फक्त फेजची तार. अर्थची जाडी पिन आत आहे तोवर हिरवी तार यंत्राला जोडलेलीच राहते. तेव्हा यंत्र निर्दोष होते, वीज त्याच्याकडे हिरव्या तारेतून बाहेरूनच येत होती. जी तार वीज बाहेर नेण्यासाठी घातलेली, तीच घरभर वीज वाटत फिरत होती.

पेठेतल्या एका वायरमनला विचारले. तो म्हणाला, “सर, सोप्पं हाय. बोर्डात अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतो. शंभर रुपये द्या.” मी त्याला चहा पाजून परत पाठवला, आणि उद्यमनगरात मोटारी वाइंडिंग करण्याचा कारखाना असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. नववीत ओहमच्या नियमावरून या मुलाला मी दोनदा बाकावर उभे केले होते. आता तो पन्नाशीचा आहे.

त्याने आधी वायरमनच्या उपायाचा समाचार घेतला. न्यूट्रलची तार डीपीपाशी, म्हणजे पेठेतल्या ट्रान्सफॉर्मरपाशी, जमिनीला जोडलेली असते म्हणून एरवी ती निरुपद्रवी. पण खांबापासून घरापर्यंत ती कुठे तुटली, नुसता एखादा जोड सैल झाला, की चालू असलेल्या प्रत्येक दिव्यातून नि पंख्यातून फेज तिच्यात उतरते. आणि अशा जोडणीत ती थेट फ्रिजच्या दाराला येऊन उभी राहते. “सर, हे अर्थिंग नव्हे. हा फास आहे,” तो म्हणाला.

मग त्याने पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक आकडे दाखवणारा मीटर आणि एक साधा पंधरा वॉटचा दिवा, होल्डरला दोन तारा लावलेला. मीटर यंत्राचा पत्रा आणि न्यूट्रल यांच्यामध्ये धरला तर ११२ व्होल्ट. माझा जीव वरखाली झाला. तो मात्र हसला. “२३० च्या निम्मा आकडा दिसला की ओळखायचं, ही सगळ्या यंत्रांची मिळून भिशी आहे.”

ही भिशी मला त्याने समजावून दिली ती अशी. हल्लीच्या संगणकात, टीव्हीत, चार्जरमध्ये जुन्यासारखा जड ट्रान्सफॉर्मर नसतो. येणाऱ्या विजेचे आधी एकदिश प्रवाहात रूपांतर होते, मग एक इलेक्ट्रॉनिक खटका तिला सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. म्हणूनच पूर्वी विटेएवढे असलेले यंत्र आता काडेपेटीएवढे झाले. पण या तोडजोडीतून जी खरखर उठते ती बाहेर जाऊन शेजारच्या यंत्रांना त्रास देऊ नये म्हणून आत दोन चिमुकले कंडेन्सर बसवतात. एक फेजपासून डब्याला, दुसरा न्यूट्रलपासून डब्याला. ते खरखर हिरव्या तारेत सोडून देतात. त्यांच्यातून अगदी थोडी वीजही झिरपते, दर यंत्रामागे साधारण पाव ते अर्धा मिलिअँपिअर. हा दोष नव्हे. यंत्र बनवतानाच योजलेली गळती आहे. मात्र त्यात एक गृहीत धरलेले असते: हिरवी तार कुठेतरी जमिनीत जाते. ती जात नसेल, तर दोन सारख्या कंडेन्सरांच्या मधला तो डबा फेज आणि न्यूट्रल यांच्या बरोबर मध्ये लोंबकळत राहतो, ११५ व्होल्टांच्या आसपास. आणि हिरव्या तारेने सगळे डबे एकमेकांना बांधलेले असल्यामुळे चिरंजीवांच्या संगणकाची गळती मावशींच्या हाताला लागते.

दोन पिनांच्या चार्जरवर चालणाऱ्या धातूच्या लॅपटॉपलाही अशाच मुंग्या येतात. आमचा नातू त्याला ‘गुदगुल्या’ म्हणतो. त्या चार्जरला मुळात अर्थची पिनच नसते, आणि ती गळती ठरवूनच एवढी कमी ठेवलेली असते की अपाय होऊ नये.

“आता दिवा बघा.” त्याने पंधरा वॉटचा दिवा मीटरच्या जोडीला लावला. दिवा मुळीच पेटला नाही, आणि ११२ वर दिमाखात उभा असलेला आकडा एका व्होल्टाच्याही खाली येऊन बसला. या भिशीत व्होल्ट पुष्कळ पण जोर काहीच नाही. एवढ्याशा दिव्याचे ओझे पडले आणि ती संपली. टेस्टरला यातले काही कळत नाही. त्याच्यातला निऑनचा दिवा अँपिअरच्या काही लाखाव्या भागावरही उजळतो. त्याला मुंगी आणि नाग सारखेच.

म्हणजे काळजी नाही, असे मी म्हणणार तोच दाराशी उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, “मुंग्या दुपारी येत्यात. सकाळी इंगळी असती.”

विद्यार्थी जागच्या जागी वळला. “काय म्हणालात?”

“सकाळी धुणं करताना इंगळी डसल्यागत हुतंय. सांजच्याला, दुपारी नुसत्या मुंग्या. मी हात लावतोच न्हाई सकाळी, पण त्या दिवशी पडदे भिजलेले, तोल गेला.”

दुरुस्तीचा माणूस दुपारी आला होता. मी अनवाणी उभा राहिलो तो दुपारी. आणि हाही आला होता दुपारीच. त्याने दिवा आणि मीटर आमच्याकडेच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर झाला. कुणी काही बंद करायचे नाही, रोजचे सगळे रोजच्यासारखे चालू द्यायचे, अशी त्याची आज्ञा. मीटर लावला: २१० व्होल्ट. दिवा लावला. आकडा खाली उतरला, पण दिव्याची तार विझत्या निखाऱ्यासारखी लालसर दिसू लागली. न्हाणीतला उजेड घालवून आम्ही तिघे तिच्याकडे पाहत उभे होतो. ही भिशी नव्हती. हिच्यामागे जोर होता.

मग एकेक खटका बंद करत गेलो. मिक्सर बंद, दिवा तसाच. पाण्याची मोटर बंद, दिवा तसाच. सूनबाईंनी वरून गीझर बंद केला आणि दिवा गेला. पुन्हा लावला, पुन्हा लाल!

गीझरच्या आतली कॉइल म्हणजे तांब्याची नळी. तिच्या मधोमध तापणारी तार, आणि तार नळीला लागू नये म्हणून भोवती पांढरी पूड ठासलेली. आमच्या कॉइलला बारा वर्षे झाली होती. वर क्षाराचे जाड पुट, नळीला कुठेतरी बारीक चीर, आणि पूड ओली झालेली. त्या ओल्या पुडीतून वीज टाकीला, टाकीतून हिरव्या तारेला आणि हिरव्या तारेतून घरातल्या प्रत्येक पत्र्याला लागत होती. गीझर आम्ही लावतो सकाळी सहा ते आठ. मावशी धुणे करतात सात ते आठ. त्याच्या हिशेबाने ही गळती वीस मिलिअँपिअरच्या घरातली होती. अमेरिकेत बर्कली येथे चार्ल्स डालझील नावाच्या प्राध्यापकाने स्वयंसेवकांच्या हातात तारा देऊन, किती विजेला मूठ सुटेनाशी होते ते मोजले होते. एक मिलिअँपिअरच्या आसपास मुंग्या जाणवतात. दहाच्या आगेमागे हात सुटत नाही. तिसाच्या पुढे, थोडा वेळ जरी लागला तरी, हृदयाची लय बिघडण्याची भीती. सोळा अँपिअरच्या एमसीबीला मात्र हे वीस मिलिअँपिअर जाणवतही नाहीत. ते त्याच्या क्षमतेच्या आठशेवा भाग. फ्यूज आणि एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असतात. माणसाशी त्यांचा करार नाही.

“आणि आम्ही त्याच पाण्यानं अंघोळ करतो!” सौ. म्हणाल्या. “तरीच नळाला हात लावला की चुणचुणायचं. मी म्हटलं, थंडी.” विद्यार्थ्याने वर जाऊन पाहिले. टाकीपासून नळापर्यंत भिंतीतून नवा प्लॅस्टिकचा पाइप होता. आतली पाण्याची बारीक धार विजेला सहजी वाट देत नाही, म्हणून नळापाशी नुसती चुणचुण पोचत होती. तो म्हणाला, “सर, या पांढऱ्या पाइपानंच तुम्हाला वाचवलं आणि यानंच घात केला.”

घात कसा, ते विचारायच्या आतच मावशी बोलल्या, “मी तवाच सांगितलं न्हवं? नवा नळ बसवला तवापासनं.”

आम्ही परसात गेलो. भिंतीलगत जुन्या लोखंडी पाइपाचा वीतभर तुकडा खाली पडला होता, प्लंबरने कापून टाकलेला. त्याच्यावर हिरवट पडलेली तांब्याची पट्टी अजून घट्ट होती. वडिलांच्या रेडिओची पट्टी. आणि तिच्याखाली रेडिओच्या तारेबरोबर एक जाड तारही आवळलेली होती; पुढे कधीतरी घराचे वायरिंग नवे झाले तेव्हा त्या वायरमनने घराचे अर्थिंग त्याच पट्टीखाली सरकवून दिले होते. तेव्हा ते चाललेही. रस्त्यातल्या नळापर्यंत गेलेले लोखंड म्हणजे उत्तम अर्थिंग. पाइप कापला त्या दिवशी ते संपले. प्लंबरला विजेचे माहीत नव्हते, मला पाण्याचे. ज्या घरांतून अलीकडे लोखंडी नळ काढून प्लॅस्टिकचे बसवले, त्यांनी आपली हिरवी तार कुठे जाते ते एकदा जरूर पाहावे.

नवे अर्थिंग नरकचतुर्दशीच्या आत झालेच पाहिजे असा सौ.चा हट्ट, कारण अभ्यंगस्नानाला गीझर लागणार. परसात कढीपत्त्याच्या झाडापाशी खड्डा खणला. वरचे दोन फूट विटांचे तुकडे नि खापऱ्या, मग नदीकाठची काळी माती लागली तेव्हा विद्यार्थी खूष झाला. ओल धरणारी काळी माती विजेला चांगली वाट देते. टेंबलाईच्या टेकडीकडे राहणाऱ्यांना मुरूम आणि काळा दगड लागतो. रंकाळ्याच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती असे सांगतात, तोच हा दगड. तिथे एका पाइपाने भागेलच असे नाही. आमच्याकडे अडीच मीटर लांबीचा जस्त चढवलेला पाइप उभा पुरला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नरसाळे आणि सिमेंटची चौकट. प्रतिकार मोजला, साडेपाच ओहम.

“आता सर, तुमचंच गणित,” तो म्हणाला, आणि मला खरोखर गणित घातले. “समजा फेज थेट पत्र्याला चिकटली. २३० भागिले साडेपाच?” मी म्हटले, “सुमारे बेचाळीस अँपिअर.” “त्यात डीपीच्या अर्थिंगचा प्रतिकार मिळवा. वीस-पंचवीस उरतील. तुमचा मेन बत्तीसचा. तो पडेल?” पडणार नाही. मी दोनदा बाकावर उभा केलेला मुलगा मला ओहमचा नियम शिकवत होता आणि मी मान डोलावत होतो. म्हणून नुसते अर्थिंग पुरत नाही, जोडीला आरसीसीबी हवे. जाणारी वीज आणि परत येणारी वीज हे उपकरण सतत ताडून पाहते. तीस मिलिअँपिअरचा फरक पडण्याच्या आतबाहेर ते साऱ्या घराची वीज तोडते, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. वर सांगितलेल्या डालझील यांनीच १९६१ साली अमेरिकेत या जातीचे उपकरण बनवले. आमच्याकडे अजूनही लोक त्याला ‘सारखं पडतंय’ म्हणून काढून टाकतात. ते पडते याचा अर्थ त्याला काहीतरी सापडलेले असते.

आरसीसीबी बसवल्यावर विद्यार्थ्याने मुद्दाम जुन्या कॉइलसकट गीझर लावायला सांगितला. अर्थिंग खरे झाल्याने गळतीला आता मोकळी वाट होती. खट् आवाज झाला आणि घर अंधारले. नातवाने टाळ्या पिटल्या. कॉइल बदलल्यावर मात्र सगळे शांत. मीटर यंत्राच्या पत्र्यावर दोन व्होल्टही दाखवीना, आणि टेस्टरचा दिवा कुठेच लागेना. आरसीसीबीवर एक लहानसे बटण असते; दर महिन्याला ते दाबून उपकरण जिवंत आहे का ते पाहायचे असते. आमच्याकडे हे काम दर एक तारखेला नातू करतो आणि त्या वेळी चिरंजीव संगणकावर असतील अशी वेळ साधतो. उन्हाळ्यात नरसाळ्यात बादलीभर पाणी घालायचे काम मावशींनी आपणहून घेतले आहे.

दिवाळी पार पडली. भाऊबीज झाल्यावर ओवाळणीचे पैसे कनवटीला लावत मावशी म्हणाल्या, “मास्तर, आमच्या घरात बी हाय काय वो, ती हिरवी तार?”

पुढच्या रविवारी विद्यार्थ्याच्या गाडीतून आम्ही गेलो. मावशी जयंती नाल्याच्या बाजूला राहतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची रेषा ओलांडली की त्या बाजूची माणसे बोचकी बांधू लागतात. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत त्यांच्या खोलीत भिंतीवरच्या बोर्डाच्या वर पाणी होते. उतरल्यावर बोर्ड फडक्याने पुसला, चार दिवस उन्हात वाळवला आणि चालू केला. बोर्डात दोन भोकांचे सॉकेट. तिसरे भोक नाही, तेव्हा हिरव्या तारेचा प्रश्नच नाही.

खोलीच्या कोपऱ्यात फ्रिज होता. तो मी लगेच ओळखला; पाच वर्षांपूर्वी आम्ही नवा घेतला तेव्हा जुना मावशींना दिला होता. त्याच्या थ्री-पिनची जाडी पिन मोडून टाकून ती दोन भोकांत बसवली होती. दाराच्या मुठीला जुन्या लुगड्याचे फडके चांगले तीन-चार पदर करून गुंडाळले होते आणि खाली लाकडी पाट ठेवला होता.

“हे फडकं कशाला, मावशी?”

“चावतं म्हणून.”

“मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?”

मावशींनी पाट पायाने बाजूला सारला. “तुम्ही दिलेली वस्तू. तिला नावं कशी ठेवायची?”

मी काही बोललो नाही. विद्यार्थी गाडीतून पहार घेऊन आला आणि दाराबाहेर जमीन कुठे मऊ लागते ते पायाने चाचपू लागला.